विश्रांतीचें वाङ्मय आणि खारीचा बांध

शहरांत शिणलेल्या माणसानें चार दिवस वहितींतील शेतावर एखाद्या साध्या घरीं जाऊन राहावें, ही कल्पना आमच्याकडे आतां चांगलीच रुजली आहे. आणि तिच्या पाठोपाठ तिचें म्हणून एक वाङ्मयहि उत्पन्न झालें आहे. माहितीपत्रकें, प्रवासलेख, रविवारच्या पुरवण्यांतील स्फुटें असा त्याचा विस्तार आहे. असल्या लिखाणाकडे टीकाकारानें ढुंकूनहि पाहूं नये, असें कित्येक वाचकांस वाटेल. आम्हांस तसें वाटत नाहीं. ज्या शब्दांच्या चष्म्यांतून हजारों माणसें एखाद्या भूमीकडे पाहावयास शिकतात, ते शब्द कसे आहेत हें तपासणें टीकाकाराचें कामच आहे.

ह्या परीक्षेला आम्ही धरमतरचा परिसर घेतों. मुंबईहून आगबोटीनें धरमतरास उतरावें आणि तेथून पेण-अलिबागेची वाट धरावी, असा एके काळीं प्रवाशांचा शिरस्ता होता. आतां मोटारी वडखळवरून पूल ओलांडून पोयनाडकडे धांवतात, आणि खाडीच्या दोहों बाजूंस पसरलेला खारेपाट प्रवाशाला खिडकींतून हिरव्या गालिच्यासारखा दिसतो. 'हिरवा गालिचा' हा शब्दप्रयोग आमचा नव्हे. तो ह्या वाङ्मयाचा आवडता अलंकार आहे. त्याच्या जोडीला 'शांत', 'निवांत', 'निसर्गाच्या कुशींत' हीं विशेषणें ठरलेलींच. दहा लेख वाचा. कोकणांतले कोणते आणि देशावरचे कोणते हें विशेषणांवरून ओळखतां येणार नाहीं. लेखनाच्या दृष्टीनें हा दोष आहेच, परंतु धरमतरच्या बाबतींत त्याहून मोठा दोष असा कीं, हीं विशेषणें येथें खोटीं आहेत.

खारेपाटांतील शेत निसर्गानें दिलेलें नाहीं. तें खाडीपासून हिसकून घेतलेलें आहे. मोठ्या भरतीच्या वेळीं खाडीचें पाणी शेताच्या पातळीहून वर चढतें, आणि दोहोंच्या मधें असतो तो एक मातीचा बांध. बांधाला जागोजाग उघाड्या ठेवलेल्या असतात. ओहोटीला शेतांतलें पावसाचें पाणी बाहेर जावें, भरतीला खारें पाणी आंत येऊं नये, एवढें त्यांचें काम. पहिल्या पावसांनीं जमिनींतलें मीठ धुतल्यावर भिजवून मोड आणलेलें भाताचें बी चिखलांत फेंकावयाचें. आणि तेंहि रत्त्यासारख्या जुन्या तांबड्या जातीचें, कीं जी थोडेंबहुत मीठ सोसते. बांधाला खांड पडून खारें पाणी आंत शिरलें, तर तो हंगाम तर बुडतोच, पण पुढचे दोन-तीन पावसाळे नुसतें मीठ धुण्यांत जातात. हयगय लांबली तर त्या जागीं कांदळ वाढतें. मुंबई उच्च न्यायालयाच्या २००५ सालच्या आदेशापासून कांदळ तोडण्यास मनाई आहे, व ती योग्यच आहे. परंतु त्यामुळें गेलेलें शेत परत मिळण्याची आशाहि बहुधा संपते. आतां ह्या सगळ्याला 'कूस' म्हणावयाचें असेल तर कुशीची व्याख्या बदलावी लागेल!

हा बांध कोणी राखावा, हा येथील फार जुना प्रश्न. १८८३ सालच्या कुलाबा जिल्ह्याच्या गॅझेटियरांत शिलोत्री वहिवाटीचें वर्णन आढळतें. खाजणाला बांध घालून जमीन काढणारा तो शिलोत्रीदार, आणि बांधाच्या दुरुस्तीसाठीं कुळांकडून भाताचा ठराविक हिस्सा घेण्याचा त्यास हक्क. गांवकऱ्यांनीं मिळून बांध सांभाळण्याची जोळाची रीतहि होती. पुढें १९४८ व १९७९ च्या खारजमिनींच्या कायद्यांनीं सरकार ह्यांत उतरलें. तथापि बांधाला खांड पडते ती रात्रीं-अपरात्रीं, आणि तेथें पहिला धांवतो तो कोणी अधिकारी नव्हे, तर ज्याचें पीक उभें आहे तो.

शेतें खरोखर निवांत पडलीं, असा एक काळ ह्या भागानें पाहिला आहे. खाडीपलीकडे अलिबाग तालुक्यांत चरी हें गांव आहे. खोतांच्या जाचाविरुद्ध तेथील व आसपासच्या कुळांनीं १९३३ सालीं शेतें कसण्याचें नाकारलें. नारायण नागू पाटील ह्यांच्या पुढारीपणाखालीं चाललेला हा संप सहा वर्षें टिकला, डॉ. आंबेडकरांनीं त्यास पाठिंबा दिला. त्या सहा वर्षांत ह्या शेतांवर पूर्ण विश्रांति होती आणि कुळांच्या घरीं हालांना सीमा नव्हती. पोयनाडच्या वाटेवरील सौंदर्याचें वर्णन करणाऱ्या लेखांत चरीचें नांवहि आमच्या वाचनांत आलेलें नाहीं.

गांवाचें सुख वर्णूंच नये, असें आमचें म्हणणें आहे असें कोणी समजूं नये. महाराष्ट्री प्राकृतांतली हालाची गाथासप्तशती पाहा. तिच्यांत शृंगार आहे, ऋतु आहेत, गंमत आहे. पण नांगर धरणारा हालिक आणि शाळीचें शेत राखणारी तरुणी तिच्या ओळींतून कधीं हद्दपार होत नाहींत. त्यांचें काम हाच त्यांच्या सुखदुःखाचा आधार. इंग्रजींत गोल्डस्मिथनें १७७० सालीं ओस पडलेल्या गांवासाठीं अश्रु ढाळले, आणि १७८३ सालीं क्रॅबनें गांवच्या गोड चित्राला कडू उत्तर दिलें. बरोबर शंभर वर्षांनीं जोतीरावांनीं 'शेतकऱ्याचा असूड' लिहून पुरा केला. त्यानंतर तरी मराठी लेखकास शेत हें केवळ देखावा म्हणून रंगवतांना थोडा संकोच व्हावयास हवा होता. झालेला दिसत नाहीं.

ह्यावर कोणी म्हणेल, "अहो, माणूस दोन दिवस डोकें शांत करावयास जातो, त्याला बांधाचा इतिहास कशाला?" हें म्हणणें अगदींच टाकाऊ नाहीं. विश्रांति ही गरज आहे, आणि तिच्यापोटीं शेतकऱ्याच्या घरांत चार पैसे आले तर त्यांत वाईट कांहींच नाहीं. बारामतीकडे पांडुरंग तावरे ह्यांनीं ह्या व्यवसायाची घडी बसविली ती यजमान स्वतः शेतकरी असावा ह्याच पायावर, आणि २०२० सालीं महाराष्ट्र सरकारनेंहि कृषी पर्यटनाचें धोरण आंखलें. आमचा आक्षेप पाहुण्यावर नाहीं. ज्या शेतांत काम दिसत नाहीं तेंच सुंदर, असें त्याला शिकविणाऱ्या लेखणीवर आहे. कारण तो शिकतो. आणि आवडलेली जागा पुढें विकतहि घेतो. मग भाताच्या जागीं हिरवळ येते, भोंवतीं भिंत येते, 'फार्महाऊस' अशी पाटी येते. वर्षांतून आठ-दहा दिवस येणाऱ्या त्या मालकाचें पीक नाहीं. तेव्हां खांड पडल्याची हांक आली तर त्यानें कशासाठीं धांवावें? एका खारीचा बांध सगळ्यांचा मिळून असतो. पांच धन्यांपैकीं दोघे गैरहजर राहिले, तर उरलेल्या तिघांचें भात मिठांत जातें.

शेवटीं ह्या वाङ्मयाच्या एका खास लाडक्या वस्तूविषयीं. पौर्णिमेचें चांदणें हें पत्रककारांचें हुकमी आमिष आहे. त्या रात्रीचे दरहि कोठें कोठें अधिक असतात. पौर्णिमेलाच खाडीला उधाण येतें, हें एकाहि पत्रकांत आम्हांस लिहिलेलें आढळलें नाहीं. पावसाळ्यांतल्या उधाणाच्या रात्रीं, पाहुणा ओसरीवर चांदणें पाहात बसलेला असतांना, घरचा धनी कंदील घेऊन बांधावर गेलेला असतो. तो कोठें गेला, हें पाहुण्यानें विचारावें असा एक तरी लेख कोणी लिहील, तर आम्ही तो आनंदानें छापूं.