चूक मोजली, वाढ राहिली

दुसरी भाषा म्हणून इंग्रजी शिकणाऱ्यांचं बोलणं ध्वनिमुद्रित करायचं, त्याचा साठा करायचा आणि उच्चार कसा घडत जातो ते त्यावरून अभ्यासायचं, असं काम आता अनेक ठिकाणी चाललं आहे. त्यातल्या एका नावाजलेल्या साठ्याचं परीक्षण आज आम्ही करणार आहोत, आणि तेही बिलोलीच्या शाळेतलं मूल डोळ्यांसमोर ठेवून.

अमेरिकेतल्या टेक्सस ए अँड एम आणि आयोवा स्टेट या विद्यापीठांच्या संशोधकांनी २०१८ साली ‘एल-टू आर्क्टिक’ हा साठा खुला केला. त्यात २४ जणांचे आवाज आहेत. हिंदी, कोरियन, मँडरिन, स्पॅनिश, अरबी आणि व्हिएतनामी या सहा मातृभाषांचे प्रत्येकी चार. प्रत्येकाने साधारण तासभर ठरलेली वाक्यं वाचली. त्यातल्या काही वाक्यांचा एकेक ध्वनी जाणकारांनी कानाने तपासला आणि खुणा केल्या: ध्वनी बदलला, गळला की जादा आला. काम मेहनतीचं आहे, सर्वांना खुलं आहे. चुकीचा उच्चार यंत्राला ओळखता यावा, यासाठी ते उपयोगीही आहे.

पण चूक ओळखणं आणि वाढ ओळखणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आमचा मुख्य आक्षेप इथेच आहे.

एक साधं उदाहरण घेऊ. इंग्रजीत बंडीला आणि पश्चिमेला वेगळे शब्द आहेत. आपलं मूल सुरुवातीला दोन्हीला ‘वेस्ट’च म्हणतं. पुढे ते बंडीला ‘व्हेस्ट’ म्हणू लागतं. हा ‘व्ह’ अमेरिकन माणसाचा नव्हे. म्हणजे कडक तपासणाऱ्याच्या वहीत कालही चूक, आजही चूक. पण बघा, मधल्या काळात मुलाने केवढा पल्ला गाठला! जिथे भेद नव्हता तिथे त्याने भेद उभा केला, तोही मराठीच्याच सामग्रीतून. चुकांची बेरीज तीच राहिली, ज्ञान मात्र वाढलं. ज्या मापाला हे दिसत नाही, त्याला विकासाचं माप कसं म्हणायचं?

अशोक केळकरांनी १९५७ साली ‘वर्ड’ या नियतकालिकात ‘मराठी इंग्लिश’वर निबंध लिहिला. मराठी माणसाच्या इंग्रजीकडे त्यांनी भाषावैज्ञानिकाच्या नजरेने पाहिलं. नुसत्या दोषांची यादी केली नाही. १९६९ साली हैदराबादहून आर. के. बन्सल यांचा ग्रंथ आला. भारतीयांचं इंग्रजी ऐकणाऱ्याला कितपत कळतं, हा त्यांचा प्रश्न होता. हे दोन्ही प्रश्न आजच्या साठ्यांनी सोडून देऊ नयेत, असं आम्हाला वाटतं.

दुसरा आक्षेप मातृभाषेच्या रकान्यावर. हिंदीचे चार आवाज म्हणजे भारत नव्हे. ‘माझा’मधला ‘झ’ मराठी मुलाच्या तोंडात घरूनच असतो. इंग्रजी ‘झू’ म्हणताना तो कामी येतो. आणि बिलोलीत तर एक रकाना पुरतच नाही. तेलंगणाची हद्द जवळ. घरी तेलुगू, शेजारी उर्दू, शाळेत मराठी, मग इंग्रजी. अशा मुलाची ‘पहिली भाषा’ कोणती लिहायची?

तिसरा आक्षेप काळाचा. वाढ पाहायची तर तेच मूल पुन्हापुन्हा ऐकायला हवं. महाराष्ट्रात २००० सालापासून इंग्रजी पहिलीपासून आली. त्याआधी ती पाचवीत यायची. या बदलाने उच्चारात काय फरक पडला, हे सांगायला दोन्ही पिढ्यांची वर्षावर्षाची ध्वनिमुद्रणं हाताशी असायला हवी होती.

मग करायचं काय? तीसेक मुलं घ्या. पहिली ते दहावी, दरवर्षी त्यांचा आवाज टिपा, पालकांच्या संमतीने. नुसतं वाचन नको. बाजाराबद्दल, शेताबद्दल त्यांना मोकळं बोलू द्या. घरातल्या सगळ्या भाषा नोंदवा. ऐकायला परदेशी कान बसवा, तसे पुण्याचे आणि हैदराबादचेही बसवा. आणि ‘चूक’ लिहिण्याआधी विचारा: या मुलाने गेल्या वर्षी हा ध्वनी कसा काढला होता?

आज उच्चाराला गुण देणारी ॲप्स मुलांच्या हातात आहेत. त्यांच्यामागे असेच साठे असतात. साठ्यात जे मूल नाही, त्याला यंत्र दुसऱ्याच्या मापाने मोजणार, आणि मूल ते खरं मानून गप्प बसणार. एकदा गप्प बसलेल्या मुलाचा उच्चार सुधारायचा तरी कसा?