'जाने भी दो यारो' : हास्यामागची शिस्त

रस्त्यावर येऊन पडलेली शवपेटी, आणि मद्याच्या धुंदीत ती बिघडलेली मोटार समजून आतल्या गृहस्थाला मदत देऊ करणारा बिल्डर! पेटीत प्रेत आहे ते डिमेलो नामक महापालिका आयुक्ताचे. कुंदन शाह यांच्या 'जाने भी दो यारो' (१९८३) या चित्रपटातील हा प्रसंग आपल्यापैकी काहींना रुचणार नाही, हे आम्ही जाणतो. परंतु थट्टा येथे मृताची नाही. मेल्यावरही माणसाला सौद्यातून न सोडणाऱ्यांची आहे.

या रहस्यमय प्रहसनाची मुळे पुण्यात आहेत. 'प्रभात'च्या जुन्या आवारातील फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये शाह दिग्दर्शन शिकले. नसीरुद्दीन शाह, ओम पुरी, सतीश शाह, छायालेखक बिनोद प्रधान, संकलक रेणू सलुजा हे सारे तेथलेच विद्यार्थी. हैदराबादेत फोटो स्टुडिओ थाटणाऱ्या दोन मित्रांच्या हालअपेष्टांतून शाह यांना कथाबीज गवसले. राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाच्या पैशांतून सुमारे सात लाखांत काम उरकावे लागले. नायकाच्या हातातला कॅमेरा खुद्द नसीरुद्दीन यांचा. तो चित्रीकरणाच्या दिवसांत चोरीस गेला. दुःशासनाची वस्त्रे तर ऐनवेळी निर्मितीची व्यवस्था पाहणाऱ्या विधु विनोद चोप्रांनाच चढवावी लागली.

या कथा कौतुकाने सांगितल्या जातात. पण टंचाईने चित्रपट चांगला होतो, असे आम्हांस वाटत नाही. तसे असते तर आपल्याकडे उत्तम चित्रपटांचा पूर आला असता. महाभारताचा प्रवेश पाहावा. द्रौपदीच्या साडीत गुंडाळलेले प्रेत, रंगमंचावर घुसलेले बिल्डर, भलत्याच नाटकातला अकबर, आणि काय चालले आहे हे पुनःपुन्हा विचारणारा आंधळा धृतराष्ट्र. हा गोंधळ क्षणभरही सैल पडत नाही. प्रत्येकजण नेमका हवा तेव्हाच येतो, आणि सलुजांची कात्री नको तेथे रेंगाळत नाही. अनुपम खेर यांची 'डिस्को किलर' ही चित्रित झालेली भूमिका अंतिम प्रतीतून वगळली गेली. हाती थोडे असताना जमवलेले टाकून देण्यास धैर्य लागते.

मध्यंतरापूर्वीचा काही भाग मात्र विस्कळीत आहे, हे मान्य केले पाहिजे. भक्ती बर्वे यांची संपादिकाही तेथे अंमळ एकसुरी वाटते. पण 'ती फुलराणी'तल्या त्या लाडक्या आवाजाची बाई अखेरीस गुन्हेगारांच्याच पंक्तीला बसते, तेव्हा हसू ओठांवरच थिजते. पूल कोसळल्याचा दोष दोघा छायाचित्रकारांच्या माथी मारला जातो. कैद्यांच्या कपड्यांत ते मुंबईच्या रस्त्यावरून चालत येतात, आणि आपल्याकडे पाहून गळा चिरल्याची खूण करतात.