फोटॉनच्या पोटातले क्वार्क

‘फोटॉन क्वार्कांचा बनलेला असतो’ असं नोट्समध्ये दिसलं तर खोडा. फोटॉन क्षणभरच क्वार्क-प्रतिक्वार्क जोडीचं रूप घेतो, आणि टक्कर त्यातल्या एकाशी होऊ शकते. मुंबई विद्यापीठात (आपल्या कालिन्याला!) शिकवत असताना रोहिणी गोडबोले यांनी मानुएल ड्रीस यांच्यासोबत याची गणितं केली. 1992 मध्ये जपानच्या ट्रिस्टान कोलायडरवर अ‍ॅमी प्रयोगाचा डेटा ही भर धरल्याशिवाय जुळेना.

या दोघांचा 1991 चा पेपर मात्र सावधपणे वाचा. भावी कोलायडरमध्ये अशा टकरींचं बॅकग्राउंड डोईजड होईल, हा इशारा मोलाचाच. पण आकडा भलताच हलतो, ट्रान्सव्हर्स मोमेंटमची किमान मर्यादा कुठे धरता त्यावर. आलेख नंतर बघा, आधी ती मर्यादा शोधा.