संथ गोंगाट

हेवी मेटल म्हणजे गोंगाट, हे आमच्या शेजाऱ्यांचं मत मला मान्य आहे. पण गोंगाटातही चांगला आणि थोर असतोच की! चांगला बँड आमच्या कॅशियरनं नोटा मोजाव्यात तसा वाजवतो. झरझर, बिनचूक, आणि मागाहून काही आठवत नाही.

'ब्लॅक सॅबथ' संथ वाजवायचा. टोनी आयोमी बर्मिंगहॅमला पत्र्याच्या कारखान्यात होता. १९६५ साली, नोकरीच्या शेवटच्या दिवशी (आमच्याकडे त्या दिवशी हार-नारळ देतात), यंत्रानं त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं नेली. गडी डावखुरा, म्हणजे तारा दाबायची तीच बोटं! पठ्ठ्यानं प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणं केली. पुढे दाबायला सोपं जावं म्हणून तारा सैल सोडल्या. सूर खाली उतरला, जड झाला. १९७१ च्या 'मास्टर ऑफ रिअ‍ॅलिटी'त ऐका: दोन ठोक्यांमधली जागा भरायची कुणालाही घाई नाही. वेग रियाजानं येतो हो. ती जागा मोकळी सोडायला छाती लागते.

५ जुलै २०२५ ला बर्मिंगहॅमच्या शेवटच्या मैफलीत मेटॅलिकासारखी वेगवान मंडळी आधी वाजवून गेली. मग सॅबथनं चारच गाणी वाजवली. ऑझी ऑस्बॉर्न ती बसूनच गायला.