लोकप्रिय संस्कृतीतील उंदराची भीती : चेहरा कोणाला मिळतो?

प्रस्तावना

१९४० साली दोन चित्रपट पडद्यावर आले. एक अमेरिकेतला, काही मिनिटांचा व्यंगपट : ‘पुस गेट्स द बूट’. ‘टॉम अँड जेरी’ या मालिकेची सुरुवात त्यातून झाली. दुसरा नाझी जर्मनीतला प्रचारपट : फ्रिट्झ हिप्लर यांचा ‘डेर एविगे युडे’, म्हणजे ‘चिरंतन ज्यू’. पहिला पाहताना आपण उंदराच्या बाजूने हसतो. दुसऱ्यात उंदीर दाखवून माणसांविषयी किळस निर्माण केली जाते. हा फरक कशामुळे पडतो, याचा विचार या घटकात करू.

यावर तुम्ही एक आक्षेप घ्याल : जेरी हा लहान ‘माउस’ आहे आणि प्रचारपटात आहेत ते मोठे ‘रॅट’. इंग्रजीत हे दोन शब्द वेगळे आहेत. मराठीत मात्र आपण सहसा दोघांनाही उंदीरच म्हणतो. फारच मोठा असला तर घूस. पण आकाराने हा प्रश्न सुटत नाही. ‘रॅटाटुई’ (२००७) मधला रेमी हा ‘रॅट’च आहे, तरीही तो प्रेक्षकांचा लाडका झाला. त्याच चित्रपटात घराचे छत कोसळून त्याचा सगळा कळप खाली येतो तेव्हा मात्र अंगावर काटा येतो. म्हणजे प्राणी तोच, भावना दोन. एकट्या रेमीचे डोळे, त्याचे संकोच, त्याची आवड आपल्याला जवळून दिसते. कळपात दिसते ती फक्त हालचाल.

१. स्टुलावरची बाई

‘टॉम अँड जेरी’च्या सुरुवातीच्या भागांत घरकाम करणारी एक कृष्णवर्णीय स्त्री आहे. उंदीर दिसला की ती स्टुलावर चढून किंचाळते. या विनोदाकडे जरा थांबून पाहा. जेरीच्या चेहऱ्यावर राग, लबाडी, दया असे सगळे भाव आहेत. त्या बाईचे मात्र बहुतेक वेळा पायच दिसतात. चौकट तिच्या कमरेच्या आसपास संपते. उंदराला चेहरा आहे आणि माणसाला नाही. त्यामुळे आपली सहानुभूती उंदराकडे जाते आणि बाईची भीती हास्यास्पद ठरते. हा विनोद निरागस वाटतो, पण तो स्त्री आणि वर्ण या दोहोंविषयीच्या ठरीव कल्पनांवर उभा आहे.

२. झुंडीची प्रतिमा

हिप्लर यांनी नेमके उलट केले. पोत्यांवरून, भिंतींच्या कडेने पळणाऱ्या उंदरांच्या झुंडी दाखवायच्या आणि त्याला जोडून ज्यू माणसांच्या गर्दीची दृश्ये आणायची. सोबत निवेदनातून रोग आणि नासधूस यांची तुलना करायची.

इथे एक गोष्ट मान्य करू. उंदरांची भीती निराधार नाही. ते धान्य नासतात, रोग पसरवतात. १८९६ साली मुंबईत आलेल्या प्लेगच्या साथीने आपल्याकडेही ते भयानक रीतीने दाखवून दिले. १८९८ मध्ये पॉल-लुई सिमाँ यांनी कराचीत उंदरांवरील पिसवांचा प्लेगशी असलेला संबंध प्रयोगाने दाखवला. प्रचारपट ही खरी भीती उसनी घेतो आणि खोट्या जागी चिकटवतो. उंदीर मारणे हे घर स्वच्छ ठेवण्याचे काम वाटते. म्हणून माणसांना उंदीर ठरवले की हिंसाही स्वच्छतेसारखी भासू लागते.

३. उंदीर बोलू लागतो

आर्ट स्पीगलमन यांच्या ‘माउस’ या चित्रकादंबरीने (दोन खंड, १९८६ व १९९१) हीच प्रतिमा हातात घेतली. त्यात ज्यू म्हणजे उंदीर आणि नाझी म्हणजे मांजरे. व्यंगपटातला उंदरा-मांजराचा खेळ आणि नाझी प्रचार एकाच पानावर समोरासमोर येतात. गंमत अशी की यातल्या उंदरांचे चेहरे जवळजवळ सारखेच आहेत. तरीही आपण व्लाडेकला, म्हणजे लेखकाच्या वडिलांना, क्षणात ओळखतो : त्यांच्या मोडक्या इंग्रजीवरून, कंजूषपणावरून, हट्टीपणावरून. ‘चेहरा’ म्हणजे केवळ नाक-डोळे नव्हेत. नाव, बोली आणि खोडीही त्यात येतात, हे इथे कळते.

४. भिणाऱ्याचा चेहरा

आता केरळात येऊ. अडूर गोपालकृष्णन यांच्या ‘एलिप्पत्तायम’ (१९८१) या मल्याळम चित्रपटाच्या नावाचा अर्थच उंदराचा सापळा. जुन्या जमीनदार घरातला उन्नी उंदराला भितो. उंदीर पकडून तळ्यात बुडवण्याचे काम धाकटी बहीण श्रीदेवी करते. मधली बहीण राजम्मा घरासाठी राबून झिजते. उन्नी तिच्यासाठी काहीच करत नाही. बदलत्या जगाला भिऊन तो घरात दडत जातो आणि अखेरीस लोक त्यालाच ओढत नेऊन तळ्यात टाकतात. आधीच्या उदाहरणांत कॅमेरा उंदराकडे पाहत होता. इथे तो भिणाऱ्या माणसाकडे वळतो आणि भीतीमागचा आळस, परावलंबन, सरंजामी वृत्ती उघडी करतो.

समारोप

उंदराची भीती दाखवणारी कलाकृती पाहताना तीन प्रश्न विचारा. चेहरा कोणाला दिला आहे? कोणाला झुंडीत ढकलले आहे? आणि या भीतीतून कोणाचे काय साधते? हे प्रश्न केवळ परीक्षेपुरते नाहीत. उद्या तुमच्या मोबाइलवर एखाद्या समाजाला उंदीर, झुरळे किंवा वाळवी म्हणणारा मजकूर आला, तर तो पुढे पाठवण्याआधी हेच प्रश्न उपयोगी पडतील.

विचारार्थ प्रश्न

१. उंदराच्या टोपीच्या लोककथेत राजा आपल्याला भ्याला असे उंदीरच जाहीर करतो. वरील तीन प्रश्न या कथेला लावून पाहा.
२. तुमच्या भाषेतील एखाद्या चित्रपटात किंवा जाहिरातीत उंदराला कोण घाबरते? तेथे हसू कोणावर येते?