‘झुंड’ आणि कॉलेजचे पटांगण

३१ मार्च १८८३ रोजी लंडनमधील ओव्हलच्या मैदानावर फुटबॉलचा एक सामना झाला. एका बाजूस ईटन ह्या सरदारपुत्रांच्या विद्यालयाचे माजी विद्यार्थी होते. दुसऱ्या बाजूस ब्लॅकबर्न ह्या गिरणगावातील कामगारांचा संघ. जादा वेळ खेळवून कामगारांनी २-१ असा विजय मिळविला. ज्या थरातील गृहस्थांनी १८६३ साली एकत्र बसून ह्या खेळाचे नियम बांधले, त्या थराच्या हातून खेळ निसटला तो ह्या दिवशी. त्यानंतर तो पेला विद्यालयीन संघांकडे पुन्हा कधी गेला नाही.

त्याच १८८३ साली नागपुरास हिस्लॉप कॉलेज निघाले. ह्या दोन घटनांचा परस्परांशी काहीएक संबंध नाही, हे मी जाणतो. परंतु श्री. नागराज मंजुळे यांचा ‘झुंड’ (२०२२) हा हिंदी चित्रपट दुसऱ्यांदा पाहताना त्या माझ्या मनात एकमेकींशेजारी येऊन बसल्या. हिस्लॉपमधील क्रीडाशिक्षक श्री. विजय बारसे यांनी भर पावसात वस्तीतील मुले एक फुटकी बादली लाथाडीत असलेली पाहिली आणि २००१ पासून झोपडपट्टीतील मुलांना फुटबॉलकडे वळविले, ही हकीगत चित्रपटाच्या मुळाशी आहे. तिच्यावरून रचलेल्या ‘विजय बोराडे’ ह्या पात्राची भूमिका श्री. अमिताभ बच्चन यांनी केली आहे.

आपल्याकडेही हा खेळ शिपायांच्या छावणीतून आला तसाच विद्यालयाच्या फाटकातूनही आला. कलकत्त्यास १८७७ च्या सुमारास नगेंद्रप्रसाद सर्वाधिकारी ह्या शाळकरी मुलाने सवंगडी जमवून चेंडू खेळावयास आरंभ केला, आणि प्रेसिडेन्सी कॉलेजातील एका गोऱ्या प्राध्यापकाने त्यांस नियम शिकविले, असे सांगतात. १९११ साली मोहनबागानच्या बहुतेक अनवाणी गड्यांनी ईस्ट यॉर्कशायर पलटणीस हरविले तेव्हा साऱ्या देशाची छाती फुगली. अनवाणी पायांचे ते कौतुक आपल्या सुशिक्षित वर्गास अजूनही पुरते. ते पाय आपल्या आवारात आले म्हणजे मात्र पहारेकऱ्यास हाक जाते.

चित्रपटाचा पूर्वार्ध ह्या आवाराभोवतीच फिरतो. वस्ती आणि कॉलेज यांच्यामध्ये एक भिंत आहे. बोराडे मुलांस अर्धा तास खेळण्याबद्दल पाचशे रुपये देतात. पैसे संपतात तेव्हा मुले म्हणतात, पैसे नसले तरी खेळू. येथे श्री. मंजुळे यांनी एकही शब्द जास्त खर्च केलेला नाही. मजुरी म्हणून सुरू झालेले काम खेळ होऊन बसते, हे त्या मुलांच्या अंगांतूनच दिसते. व्यवसायाने नट नसलेली नागपूरची मुले घेण्याचा निर्णय येथे सार्थ ठरतो. त्यांचे बोलणे, थुंकणे, एकमेकांच्या अंगावर रेलणे हे शिकविलेले नव्हे.

मात्र कॉलेजच्या संघाशी होणारा सामना मला समाधान देऊ शकला नाही. आधी मार खाणारी मुले ज्या वेगाने सावरतात तो वेग सरावाने कमावल्यासारखा वाटत नाही. कथानकास हवा म्हणून तो आलेला आहे. खेळाचा हंगाम म्हणजे चिखल, सुजलेला घोटा, आणि एकच पास शंभरदा देण्याचा कंटाळा. हे सारे गाळून केवळ विजय दाखविला म्हणजे मुलांच्या कष्टांचे श्रेय आपण नकळत चमत्कारास देतो. शिवाय समोरचे विद्यार्थी कोण आहेत? त्यांस चेहराच नाही. माझ्या वर्गातील पुष्कळ मुले अशाच वस्तीतून येतात. भिंतीच्या दोन्ही बाजूंस एकाच घरातली भावंडे असू शकतात, ही गोष्ट चित्रपटाच्या ध्यानात आली असती तर सामना अधिक अवघड आणि अधिक खरा झाला असता. बोराड्यांस कधी शंकाही पडत नाही, हे त्याच दोषाचे दुसरे रूप.

उत्तरार्ध पसरट आहे, तीन तास फार झाले, अशी तक्रार पुष्कळांनी केली. मला ती मान्य नाही; माझ्या मते चित्रपटाचे खरे बळ तेथेच आहे. परदेशी खेळावयास जाण्यासाठी पासपोर्ट पाहिजे, आणि पासपोर्टासाठी आपण कोण हे कागदावर सिद्ध केले पाहिजे. श्रीमती रिंकू राजगुरू यांनी रंगविलेल्या आदिवासी मुलीचा बाप ह्या कागदासाठी एका दारातून दुसऱ्या दारी हिंडतो. आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीकडच्या प्रेक्षकास ही ठिगळासारखी जोडलेली उपकथा वाटणार नाही. जातीचा दाखला पडताळून घेण्याकरिता १९५० पूर्वीचा पुरावा आणा म्हटल्यावर आजोबांच्या नावाची कोतवाल-बुकातील नक्कल शोधीत एटापल्ली-भामरागडकडची मुले आठवडेच्या आठवडे वर्ग बुडवितात. ज्यांचे नाव नागपूरच्या त्या कॉलेजास आहे ते स्टीफन हिस्लॉप गोंडांची गाणी व कथा टिपून ठेवीत. त्यांच्या मृत्यूनंतर १८६६ मध्ये रिचर्ड टेंपल यांनी ते कागद प्रसिद्ध केले. गोंडांविषयी कागद पुष्कळ झाले. गोंडाच्या हाती मात्र नक्कल मिळत नाही. गोल करण्यापेक्षा हा बाप ज्या खिडकीपाशी उभा आहे ती ओलांडणे कठीण, हे मंजुळे यांनी ओळखले, आणि त्यासाठी कथानकाचा बांधा सैल होऊ दिला. मी हा सौदा फायद्याचा समजतो.

‘फँड्री’च्या (२०१३) अखेरीस भिरकावलेला दगड थेट प्रेक्षकाकडे येतो. ‘झुंड’मध्ये शेवटी विमान उडते आणि खाली ती भिंत दिसते, तिच्यावर ती ओलांडण्यास सक्त मनाई असल्याची इंग्रजी पाटी आहे. दगडापेक्षा ही पाटी मला जास्त लागली, त्याचे कारण सांगितले पाहिजे.

मी परकोटाच्या गावात राहतो. गोंड राजांनी बांधलेल्या तटास जटपुरा, पठाणपुरा, अंचलेश्वर आणि बिनबा अशा चार वेशी आहेत. राजांनी तटाबरोबर वेशीही ठेवल्या. काही वर्षांपूर्वी एका कॉलेजच्या पटांगणाच्या भिंतीस पडलेले खिंडार बुजविण्याचा प्रश्न निघाला. संध्याकाळी मागच्या वस्तीतील पोरे त्यातून आत येऊन चेंडू खेळत. ठरावाचा मसुदा करावयाचे काम, इंग्रजी बरे म्हणून, माझ्याकडे आले. मी तो सुवाच्य अक्षरात लिहिला. ‘अनधिकृत प्रवेश’ ह्या अर्थाचा शब्द त्यात तीनदा आला होता, तो एका सदस्याने एकदाच ठेवावयास सांगितले. भिंत बांधून झाली. आता त्या पटांगणात चारनंतर कोणी नसते, गोलाच्या खांबांपर्यंत गाजरगवत आले आहे, आणि पोरे झरपटीच्या काठी चपलांचे दोन ढीग मांडून खेळतात.