आलिब्रांडींच्या घरातले मौन

किशोरवयीन वाचकांसाठी लिहिलेल्या कादंबऱ्यांकडे आपले प्रौढ वाचक सहसा वळत नाहीत. मुलांच्या हाती कोणते पुस्तक आहे हे पाहिले, त्यात काही वावगे नाही याची खात्री करून घेतली, की आपले कर्तव्य संपले असे आपण मानतो. मेलिना मार्केट्टा या ऑस्ट्रेलियन लेखिकेच्या 'लुकिंग फॉर आलिब्रांडी' या कादंबरीच्या बाबतीत मात्र एवढ्यावर भागणार नाही, असे आम्हांस वाटते. कादंबरीची निवेदक सतरा वर्षांची मुलगी आहे. पण तिची सारी घडण एका वृद्ध स्त्रीने वर्षानुवर्षे उराशी धरलेल्या गुपितावर उभी आहे. आणि ते कुटुंब कॅथलिक आहे. मुलगी सिस्टरांच्या शाळेत जाते, आजूबाजूचा समाज एकमेकांच्या घरात डोकावणारा आहे, आणि 'लोक काय म्हणतील' हा प्रश्न तेथे इटालियन भाषेत विचारला जातो, इतकाच काय तो आपल्या धर्मग्रामांशी फरक.

ही कादंबरी 1992 साली प्रसिद्ध झाली. लेखिका स्वतः सिडनीतील इटालियन वंशाच्या कुटुंबातली. पंधराव्या वर्षी शाळा सोडलेली ही मुलगी पुढे त्याच शहरात मुलांच्या शाळेत शिक्षिका झाली, ही गोष्ट नमूद करण्याजोगी आहे. कारण वर्गातल्या मुलींचे बोलणे, त्यांची भांडणे आणि त्यांचा उसना आव तिने जितक्या अचूकपणे टिपला आहे, तितका तो केवळ निरीक्षणाने साधत नाही. 1993 साली ऑस्ट्रेलियातील बालसाहित्य परिषदेचा मोठ्या मुलांच्या गटातील पुरस्कार या पुस्तकास मिळाला. 2000 साली त्यावर चित्रपट निघाला, त्याची पटकथाही लेखिकेनेच लिहिली.

कथानक थोडक्यात असे. जोसफीन आलिब्रांडी, घरातली जोसी, सिडनीतील एका श्रीमंत मुलींच्या कॅथलिक शाळेत शिष्यवृत्तीवर शिकते. शालान्त परीक्षेचे वर्ष आहे. तिची आई क्रिस्टीना अविवाहित माता. सतराव्या वर्षी तिला दिवस गेले. ज्याच्यापासून गेले तो मायकल आन्द्रेत्ती आपल्या कुटुंबाबरोबर अ‍ॅडलेडला निघून गेला, आणि क्रिस्टीनाच्या बापाने तिला घराबाहेर काढले. क्रिस्टीनाने मुलीला एकटीने वाढवले. बापाच्या मृत्यूनंतर माहेरचे दार थोडेसे उघडले, आणि आता जोसी शाळा सुटल्यावर रोज आजीकडे जाते. ही आजी, म्हणजे नोना कातिया, सिसिलीतून कोवळ्या वयात लग्न होऊन क्वीन्सलंडच्या उसाच्या प्रदेशात आलेली. ती नातीला जुने फोटो दाखवते, जुन्या गोष्टी सांगते आणि अधूनमधून तिच्या आईच्या वागणुकीवर ताशेरे झाडते. या वर्षात मायकल आन्द्रेत्ती वकिलीच्या कामासाठी सिडनीला येतो आणि बाप व लेक प्रथमच समोरासमोर येतात.

मार्केट्टाने येथे दोन घरे शेजारी शेजारी ठेवली आहेत, आणि आमच्या मते कादंबरीचे मर्म या मांडणीत आहे. क्रिस्टीनाचे घर लहान, पैशाने तंग, समाजाच्या दृष्टीने कलंकित; पण त्या घरात मुलीपासून काही लपवलेले नाही. आपला बाप कोण हे जोसीला लहानपणापासून ठाऊक आहे. त्याचे नाव घेताना आईच्या आवाजात विष नाही, की त्याला देव्हाऱ्यात बसवण्याचा खोटेपणाही नाही. नोनाचे घर नीटनेटके, प्रतिष्ठित, नातलगांनी गजबजलेले; आणि ते एका असत्यावर उभे आहे. वाचकाला हे प्रारंभी कळत नाही. जोसीलाही कळत नाही. तिच्या लेखी अपमान आईच्या घराचा, आणि मान आजीच्या घराचा.

गुपित उलगडते ते एखाद्या जुन्या पत्रातून किंवा मरणोन्मुख माणसाच्या तोंडून नव्हे. या ठिकाणी लेखिकेचे कसब दिसते. आजी स्वतःच गोष्टी सांगता सांगता बोलून जाते, आणि नात बसून हिशेब करते. आजोबा फ्रान्चेस्को कामासाठी घरापासून दूर होते ते महिने, आणि क्रिस्टीनाचा जन्म; बेरीज जुळत नाही. आजीच्या गोष्टींत येणारा मार्कस सँडफर्ड हा ऑस्ट्रेलियन पोलीस केवळ परक्या देशात मदतीला धावणारा सद्गृहस्थ नव्हता. क्रिस्टीना त्याची मुलगी आहे. चुलीपाशी बसून ज्यांनी आपल्या आजीच्या तोंडून गावच्या जुन्या कथा ऐकल्या आहेत, त्यांना हे अगदी खरे वाटेल. म्हातारी माणसे गुपित सांगत नाहीत. पण गुपिताच्या अवतीभवतीचे सगळे सांगतात.

जोसीचा संताप होतो. तो कशाचा, हे बारकाईने पाहण्यासारखे आहे. आजीने केलेल्या पापाचा तो नाही. ज्या स्त्रीने स्वतः हे केले, तिनेच आपल्या मुलीला तशाच गोष्टीसाठी सतरा वर्षे दोषी ठरवावे, याचा आहे. नवऱ्याने गरोदर लेकीला उंबऱ्याबाहेर घातले तेव्हा कातिया गप्प राहिली. नंतरही टोमणे थांबले नाहीत. आम्हांस वाटते, सबंध पुस्तकात लेखिकेला जे सांगायचे आहे ते हेच: गुपित राखणे हा अपराध नव्हे, गुपित पोटात ठेवून न्यायासनावर बसणे हा अपराध आहे. कातियाच्या मौनाची किंमत कातियाने कमी दिली आणि क्रिस्टीनाने अधिक.

आणि तरीही कातियाला लेखिकेने खलनायिका केलेले नाही. तिची बाजू ऐकताना वाचकाचे मन हळूहळू वळते. इंग्रजी न येणारी कोवळी मुलगी, रुक्ष आणि कठोर नवरा, भोवती ऊस आणि एकांत. दुसऱ्या महायुद्धात इटली शत्रुराष्ट्र ठरल्यावर क्वीन्सलंडच्या ऊसपट्ट्यातील अनेक इटालियन पुरुषांना छावण्यांत डांबले गेले, हा इतिहास आहे. मागे राहिलेल्या बायकांचे दिवस कसे गेले असतील याची कल्पना त्यावरून यावी. मार्कसबरोबर निघून जाणे तिला शक्य होते. ती गेली नाही. बहिणीच्या घराची मान खाली जाईल, आणि पोटातल्या लेकराला जन्मभर बोट दाखवले जाईल, म्हणून. फ्रान्चेस्कोला मूल आपले नाही हे ठाऊक होते. त्याने नाव दिले, माया दिली नाही. लेकराला लाजेपासून वाचवण्यासाठी जे मौन धरले, त्याच मौनामुळे त्या लेकराला घराबाहेर पडताना वाचवता आले नाही. आपण बोललो तर आपलेच उघडे पडेल, ही भीती आईच्या तोंडावर कुलूप होऊन बसली.

आमच्या वाचकांपैकी काहींना येथे शंका येईल: मग कातियाने चारचौघांत सगळे सांगून टाकायला हवे होते काय? ख्रिस्तसभेची शिकवण असे म्हणत नाही. योगायोग असा, की ज्या वर्षी ही कादंबरी आली त्याच 1992 साली ख्रिस्तसभेचा नवा धर्मशिक्षण ग्रंथही जाहीर झाला. आठव्या आज्ञेचे विवरण करताना तो खोटेपणाचा निषेध तर करतोच, पण सबळ कारण नसताना दुसऱ्याचे दोष उघडे करणे हेही पाप मानतो, आणि ज्याला एखादी गोष्ट जाणण्याचा अधिकार नाही त्याला ती सांगण्याचे बंधन कोणावर नाही, असेही स्पष्ट करतो. म्हणजे प्रश्न 'सांगावे की लपवावे' एवढाच नाही; कोणाला सांगणे लागते, हा आहे. शेजारणींना कातिया काहीच देणे लागत नव्हती. क्रिस्टीनाला लागत होती. दूषणे देण्याआधी तर नक्कीच लागत होती.

या बाबतीत ख्रिस्तसभेच्या दफ्तरातली रीतही लक्षात घेण्याजोगी आहे. 1983 च्या धर्मसंहितेतील 877 व्या नियमानुसार, अविवाहित मातेच्या बाळाची स्नानसंस्काराच्या नोंदवहीत नोंद करताना, तिचे मातृत्व सर्वज्ञात असेल किंवा ती स्वतः होऊन तशी विनंती करील तर तिचे नाव लिहावयाचे असते. पित्याचे नाव लिहावयाचे ते अधिकृत दस्तऐवजाचा पुरावा असेल, किंवा तो स्वतः धर्मगुरू व दोन साक्षीदारांसमोर तसे सांगेल तरच. एरवी जागा रिकामी राहते. खोटे नाव लिहावे असे हा नियम कुठेही म्हणत नाही. क्रिस्टीनाने आपल्या मुलीपुढे खोटे नाव ठेवले नाही; कातियाच्या घरात मात्र रिकामी राहावयाची जागा फ्रान्चेस्कोच्या नावाने भरली गेली होती.

कादंबरीच्या शीर्षकातली खोच या ठिकाणी उमजते. जोसी ज्या आलिब्रांडीचा शोध घेते, तो आलिब्रांडी रक्ताने तिचा कोणीच नाही. आईचे खरे नाव सँडफर्ड असावयाचे, तिचे स्वतःचे आन्द्रेत्ती. आयुष्यभर ज्या नावाने शाळेत हिणवले गेले, ज्या नावाचा अभिमानही बाळगला, ते एका परक्या माणसाचे निघते. अशा वेळी एखाद्या सामान्य लेखिकेने मुलीला नव्या नावाच्या मागे धाडले असते. मार्केट्टा तसे करीत नाही. जोसी त्याच नावात राहते, फक्त आता ते काय आहे हे जाणून राहते. आम्हांला हे वाचताना मत्तयच्या शुभवर्तमानातील पहिला अध्याय आठवला. नाताळच्या सुमारास आपण ती लांबलचक वंशावळ ऐकतो, आणि खरे सांगायचे तर पुष्कळदा कानाआड करतो. तिच्यात तामार आहे, राहाब आहे, आणि उरियाची बायको आहे, तीसुद्धा नावाने नव्हे तर नवऱ्याच्या नावाने, म्हणजे दाविदाचा अपराध पुसला जाऊ नये अशा बेताने. कुळाची प्रतिष्ठा राखायची असती तर शुभवर्तमानकाराला ही नावे सहज गाळता आली असती.

प्रामाणिकपणाचा दुसरा धागा जोसीच्या स्वतःच्या जिभेचा आहे. ती मनात येईल ते बोलते आणि यालाच खरेपणा समजते. आई एका सहकाऱ्याबरोबर फिरायला गेली तर तिला ते सहन होत नाही, आणि ती ते लागेल असे बोलून दाखवते. वर्गातल्या एका मुलीने तिला हिणवले, तर हातातले पुस्तक तिच्या नाकावर बसते. जीभ सैल असणे आणि खरे असणे यांतला फरक तिला वर्षभरात कळत जातो, पण लेखिका त्यावर व्याख्यान देत नाही, ही समाधानाची गोष्ट. जिची ती सदैव चेष्टा करते ती हुशार, शिष्ट आयव्ही लॉइड शेवटी दुःखाने मोडलेली तिच्यासमोर येते तेव्हा जोसीला काही बोलणे सुचत नाही. पुस्तकातला हा एक उत्तम प्रसंग आहे.

ते दुःख जॉन बार्टनचे. राजकारणी पित्याचा हा गुणी मुलगा. सगळ्यांच्या डोळ्यांत भरणारा. घरात पैसा आहे, नाव आहे, कुठलाच कलंक नाही. त्याचे गुपित एकच: त्याला हे आयुष्य नको झाले आहे, आणि वडिलांना ते सांगता येत नाही. जोसी आणि तो आपल्या मनातले एकेका कागदावर लिहून ते कागद अदलाबदल करतात. परीक्षेच्या तोंडावर तो आत्महत्या करतो. कातियाच्या गुपिताला निदान घटना होती. जॉनच्या गुपिताला घटनाही नाही. ज्या घरात मुलाने यशस्वी असणे गृहीत धरलेले असते, त्या घरात 'मी सुखी नाही' हे एवढेसे वाक्यही लपवावे लागते. आपल्याकडे दहावी-बारावीच्या निकालाच्या दिवसांत ही प्रकरणे वाचताना अनेक पालकांचा जीव वर-खाली होईल, आणि व्हावा.

पुस्तकात उणिवा आहेत. मायकल आन्द्रेत्तीचे परिवर्तन आम्हांस फार सुलभ वाटले. सतरा वर्षे जो नव्हता तो पिता काही महिन्यांत इतका समजूतदार, विनोदी आणि प्रेमळ व्हावा, वर तो चांगला वकीलही असावा, यात मुलीच्या स्वप्नाचा अंश अधिक आहे. एका मुलीला एकटीने वाढवणाऱ्या बाईची सतरा वर्षे आणि परत आलेल्या बापाचे काही महिने यांचे वजन जवळजवळ सारखे धरले गेले आहे. दुसरी उणीव निवेदनातून येते. सगळे जोसीच्या तोंडून, त्यामुळे जिच्या जन्माचे हे रहस्य, त्या क्रिस्टीनाच्या मनात आपल्याला शिरता येत नाही. गुपित आजीचे, ते कळते नातीला, आणि ज्या मधल्या बाईचे सारे आयुष्य त्याने वाकवले ती वाचकाला बाहेरूनच दिसत राहते. त्या बाईची कादंबरी अजून लिहिली जायची आहे असे वाटत राहते.

हे पुस्तक पंधरा वर्षांच्या पुढील मुलामुलींच्या हाती द्यायला आमची हरकत नाही. जेकब कूट या मुलाशी जोसीच्या मैत्रीचे काही प्रसंग मोकळेपणाने लिहिले आहेत. पण त्यांत जोसी स्वतःच्या मनाने नकार देते, हेही मुलांनी वाचावे. जॉनच्या मृत्यूचा भाग मात्र मुलाने एकट्याने वाचू नये. घरातील कोणी मोठ्या माणसाने तो आधी वाचलेला असावा आणि त्यावर बोलायला तयार असावे. इंग्रजी सोपे आहे, इटालियन शब्द संदर्भाने कळतात. शक्य तर घरातल्या आजीलाही कोणीतरी ते मराठीतून वाचून दाखवावे. नोना कातियाचे प्रकरण सुरू झाल्यावर ती मध्येच थांबवून आपलीच एखादी गोष्ट सांगू लागली, तर पुस्तक बाजूला ठेवायला हरकत नाही.